खयचा गो हा?

गेल्या गणपतीत गावी होते. विसर्जन होऊन पाहुणे पांगले होते, मखराचे पुठ्ठे पडवीत उभे करून ठेवले होते आणि माजघरात कोमेजलेल्या केवड्याचा वास रेंगाळत होता. साडेसात वाजले तशी आईने टीव्ही लावला आणि पाठोपाठ काकी आली. ही काकी आमच्या नात्यातली नव्हे. आमचं घर वाडीच्या शेवटाला, तिचं मोहल्ल्याच्या सुरुवातीला आणि मधे हातभर उंचीचा गडगा. त्या गडग्यावरून दोन्ही घरांची विरजणं, पंचांगातल्या तिथी आणि आजारपणातले डबे इकडून तिकडे जातात. दोघी रोज एकत्र मालिका बघतात. एक खुर्चीत, एक झोपाळ्यावर. मालिका नेहमीचीच. पुण्यातला बंगला, घराबाहेर काढलेली सून आणि अंगठ्या फिरवत कट करणारी जाऊ. त्या दिवशी सून बाजारात रडत उभी होती आणि तिथे एक फळवाला आला. चौकड्याची लुंगी, गोल टोपी, डोळ्यांत सुरमा. म्हणाला, "रो मत बेटी. अल्ला के घर देर है, अंधेर नहीं. ये ले, मोसंबी खा. पैसा नको, पैसा नको." मागे बासरी वाजली. काकी झोपाळ्यावरून किंचित पुढे वाकली आणि म्हणाली, "खयचा गो हा?"

"मुसलमान दाखवलाय," आई म्हणाली.

ते कळलं, पण कुठला? गाव कुठलं त्याचं? काकीने पुन्हा विचारलं. आईला उत्तर सुचलं नाही. तेवढ्यात जाहिराती लागल्या आणि विषय गवतीचहावर गेला.

काकीचं बोलणं मी इथे जसंच्या तसं लिहीत नाहीये, हे सांगून टाकते. चाळीस वर्षं कानावर पडलेली बोली आहे, पण कागदावर उतरवायला गेले की काकीचं नाटकातलं पात्र होतं. शब्द बरोबर असतात आणि काकी मात्र त्यात नसते. जिचं पोट संवाद लिहिण्यावर चालतं तिने हे कबूल करणं बरं नव्हे, पण तसं आहे खरं.

काकीचा प्रश्न साधा होता. कोकणात माणूस भेटला की पहिल्यांदा गाव विचारतात, मग आडनाव, मग अमक्याची तू कोण. हिंदू असो की मुसलमान, चौकशीची पद्धत एकच. आमच्या मोहल्ल्यात परकार आहेत, मुकादम आहेत, चौगुले आहेत, देशमुखही आहेत. हो, मालिकांतल्या बंगल्यांच्या फाटकावर असतात तेच देशमुख. त्यातले निम्मे पुरुष आखातात जाऊन आले, काही जहाजावर होते, आणि म्हातारे झाल्यावर सगळे पारावर बसून आंब्याचा भाव आणि एसटीचं वेळापत्रक याच दोन विषयांवर भांडतात. मराठीतच भांडतात. हमीद दलवाई आमच्याच तालुक्यातल्या मिरजोळीचे. त्यांना जे काही कडू-गोड सांगायचं होतं ते त्यांनी मराठीत लिहिलं, कारण दुसऱ्या कुठल्या भाषेत सांगायची त्यांना गरजच नव्हती. मग पुण्याच्या बाजारात मोसंबी विकणारा हा माणूस कुठून आला? काकीला तो मुसलमान आहे हे पटत होतं. तो कुठलातरी आहे, हे पटत नव्हतं.

मला मात्र तो कुठला हे पक्कं ठाऊक होतं. तो माझ्यासारखीच्याच लॅपटॉपमधून आला होता.

बारा-तेरा वर्षांपूर्वी मी एका रोजच्या मालिकेचे संवाद लिहीत होते. रोजची मालिका म्हणजे काय ते आत गेल्याशिवाय कळत नाही. स्क्रीनप्ले रात्री अकराला येतो, सकाळी सातला सेटवर संवाद पोचवायचे असतात, एपिसोडची बँक, म्हणजे आगाऊ तयार एपिसोडचा साठा, संपलेली असते आणि दुपारी लिहिलेला सीन रात्री प्रक्षेपित होतो. विचार करायला उसंत नसते, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. ते खोटं नव्हतं, पण फार सोयीचं होतं. त्या मालिकेत एक ट्रॅक आला. नायकाला अपघात होतो, एक रिक्षावाला त्याला दवाखान्यात नेतो आणि रात्रभर नायिकेबरोबर बाकड्यावर बसून राहतो. रिक्षावाला मुसलमान असावा असं ठरलं होतं. का, ते कुणी विचारलं नाही. मालिकेत अधूनमधून एक चांगला मुसलमान लागतो, तसा तो लागला होता. मी त्याला साधं बोलायला लावलं. "ताई, तुम्ही बसा. रक्त लागलं तर माझं घेतील. मी चहा घेऊन येतो, साखर चालते ना?" एवढंच. सकाळी चॅनलच्या क्रिएटिव्हचा फोन. पोरगी हुशार होती, मला आवडायचीही. म्हणाली, "मॅम, सीन छान आहे, पण तो मुसलमान आहे हे कळतच नाहीये." मी म्हटलं, नाव आहे की. ती म्हणाली, "नाव एकदाच येतं. तेवढ्यात कुणी भाजी ढवळायला आत गेलं तर? थोडा फ्लेवर टाका ना."

मी फ्लेवर टाकला. पाच मिनिटांचं काम होतं. 'ताई'ची 'बहन' झाली, 'रक्त'चा 'खून' झाला, दोन 'अल्ला', एक 'खुदा कसम', आणि साखरेची चौकशी काढून टाकली, कारण फ्लेवर घातल्यावर सीन लांबला होता.

दुपारी त्या नटाचा फोन आला. तो मिरजेचा. राज्य नाट्य स्पर्धेतून वर आलेला, आवाज असा की माइक नको. आणि मुसलमान. "मॅडम, हे म्हणायचं कसं तेवढं सांगा," तो म्हणाला. मला वाटलं, टोन विचारतोय. "नाही, म्हणजे मला असं बोलताच येत नाही. आमच्या घरात असं कुणी बोलत नाही. आईने ऐकलं तर हसून पडेल." मिरजेच्या घरांत दखनी बोलतात, आणि त्या दखनीतला 'नक्को' आपल्या 'नको'चाच भाऊ, तिथला 'मैंच' म्हणजे आपला 'मीच'. 'च'सुद्धा मराठीकडून उचललेला. घरात दखनी, बाजारात दक्षिण महाराष्ट्राची ती ठसठशीत मराठी, असा तो वाढलेला. मी लिहिलेलं यातलं काहीच नव्हतं. ते लखनौही नव्हतं. हिंदी सिनेमातल्या लखनौची कुणीतरी केलेली नक्कल, तिची मी केलेली नक्कल. आणि मी, आजन्म वरण-भात खाल्लेली बाई, मिरजेच्या मुसलमानाला मुसलमान कसा बोलतो ते फोनवर शिकवत होते. "अ-ल्ला नाही, जरा घशातून," असं मी खरंच म्हणाले. तो म्हणाला, "ओके मॅडम."

शूटिंगला मी गेले होते. सीन उत्तम झाला. कट झाल्यावर तो पुन्हा आपल्या मराठीत बोलायला लागला. मेकअपदादांनी त्याच्या डोळ्यांतला सुरमा पुसता पुसता कौतुकाने मान हलवली, "मुसलमान असून मराठी काय स्वच्छ आहे हो तुमची!" तो हसला. अशा वेळी हसायचं कसं, ते त्याला फार आधीपासून येत असावं.

हा 'असून' शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलाय. शिवी नाही, टोमणा नाही. उलट शाबासकीच. मुसलमान असून मराठी छान. ख्रिश्चन असून किती साधी राहते. 'त्यांच्यातली' असून घर कसं स्वच्छ ठेवते. एखादी बाई मालिकेत असं म्हणते तेव्हा ती खलनायिका नसते, प्रेमळ आजी असते. पार्श्वसंगीत मऊ असतं. खलनायिकेच्या तोंडी हलकंसलकं घातलं तर लगेच कुणीतरी तक्रार करतं, आणि ते बरंच आहे. पण आजीच्या तोंडचं 'असून' सेन्सॉरच्या चाळणीतून पिठासारखं खाली येतं. तसंच दुसरं एक 'आपल्यात'. "आपल्यात असं चालत नाही." मराठीला 'आम्ही' आणि 'आपण' अशी दोन दारं आहेत. 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर, 'आपण' म्हटलं की आत. टीव्हीवरची सासू 'आमच्यात' म्हणत नाही, 'आपल्यात' म्हणते. सुनेला म्हणत असली तरी ते झोपाळ्यावर बसलेल्यांनाही लागू होतं. माझी आई त्या 'आपल्यात' सहज बसते. शेजारी बसलेल्या काकीचं काय होतं, हे मी कधी विचारलं नाही. ती बघते तरी. वटपौर्णिमेच्या एपिसोडमध्ये फेऱ्या मोजते, मंगळागौरीला गाणी ओळखते, आणि नायिकेचं मंगळसूत्र तुटलं की आईच्या आधी तिच्या तोंडून 'अगो' निघतं.

लहानपणी मी नकला छान करायचे. मुंबईचे पाहुणे आले की वडील म्हणायचे, काकीचं करून दाखव. मी डोक्यावर पदर घेऊन काकीचं बोलणं करायचे, एखादा शब्द जास्त ओढून, एखादा तिने कधीच न म्हटलेला घालून. लोक हसून हसून पोट धरायचे. एकदा असंच चाललं होतं आणि काकी मागच्या दारात तांदळाच्या भाकऱ्यांचं ताट घेऊन उभी. किती वेळ उभी होती कोण जाणे. ती रागावली नाही, पाहुण्यांबरोबर हसलीसुद्धा. ताट ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी गडग्याजवळ भेटली तेव्हा म्हणाली, येतं की तुला माझं बोलणं. मग माझ्याशी का नाही बोलत तसं?

मी नऊ-दहा वर्षांची असेन. मला ते कौतुकच वाटलं होतं.

आपल्या भाषेचं असं सोंग दुसऱ्याने केलेलं आपल्याला अजिबात खपत नाही, हे वेगळं सांगायला नको. हिंदी मालिकांतल्या श्रीमंत घरात झाडू मारणारी बाई मराठी असते, चोर पळून गेल्यावर पोचणारा हवालदार मराठी असतो, आणि दोघं 'मेरेको', 'तेरेको' करत 'काय रे' पेरत असतात. ते पाहिलं की माझंही रक्त तापतं. 2020 च्या मार्चमध्ये एका लोकप्रिय हिंदी मालिकेतल्या आजोबांनी मुंबईची बोलायची भाषा हिंदी असल्याचं सांगितलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला, निर्मात्यांना माफी मागावी लागली. मीही तेव्हा तावातावाने लिहिलं होतं. आज वाचलं तर त्यातलं एकही वाक्य मागे घ्यावंसं वाटत नाही. फक्त लाज वाटते ती याची, की त्याच आठवड्यात मी एका मालिकेसाठी गोव्याचा एक ख्रिस्ती शेजारी लिहीत होते, जो दर वाक्याला 'मॅन' म्हणत होता आणि दुपारी चारला त्याच्या हातात ग्लास होता. कुणी सांगितलंही नव्हतं तेव्हा. माझं मीच केलं होतं. फ्लेवर अंगवळणी पडला होता.

कॉलेजात माझी एक मैत्रीण वसईची होती. तिची आजी लाल लुगडं नेसायची, केळीच्या वाडीत काम करायची आणि सामवेदी ही तिथली बोली बोलायची. घरात ख्रिस्ताची तसबीर नसती तर मी तिला आमच्या आजीची मावसबहीण समजले असते. 'मॅन' हा शब्द त्या घरात मी कधी ऐकला नाही. त्याच वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंना उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद मिळालं तेव्हा धमक्यांचे फोन आले होते. फादर, म्हणून मराठी संमेलनात नको. 1616 साली फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूचं मराठी ओवीबद्ध क्रिस्तपुराण छापलं गेलं, तेव्हा आपल्याकडे छापखाना म्हणजे काय हे फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. चारशे वर्षं मराठीत राहून झाल्यावरही त्यांच्या मराठीला 'असून' लागतंच. या फोनवाल्यांनी 'मॅन' कुठे ऐकला असेल, असा एक वेडा विचार माझ्या मनात येऊन गेला. माझ्यासारखीच्या संवादांतूनच की काय.

बरं, बोली टीव्हीला झेपत नाही असं म्हणावं, तर तेही नाही. 2016 मध्ये 'रात्रीस खेळ चाले' आली, तिच्यात मालवणी होती, तिच्यावर कोकणातून नाराजीही उमटली आणि मग लोक रोज वाट बघायला लागले. त्याच वर्षी कोल्हापुरी पैलवान नायक झाला आणि पुण्यामुंबईची पोरं 'चालतंय की' म्हणत फिरली. आधी बोलीत बोलायचा तो गडी नाहीतर मोलकरीण, 'आनि-पानी' म्हणून हशा मिळवायला. मग बोलीला टीआरपी आहे हे कळलं आणि ती बंगल्याच्या दर्शनी दारातून आत आली. मला याचा मनापासून आनंद झाला होता. पण आत आली ती कुणाची बोली? वाडीतली आली, मोहल्ल्यातली गडग्यापलीकडेच राहिली. कोकणातल्या मुसलमानाची कोकणी बोली बोलणारं, ती बोलतंय म्हणून कुणी हसत नाहीये असं एखादं पात्र मला तरी आठवत नाही.

आणि काही जण तर बोलतच नाहीत. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात मुसलमान 11.5 टक्के होते, बौद्ध 5.8. मुसलमान निदान मोसंबी विकायला येतो. बाबासाहेबांवर 2019 मध्ये मोठी मालिका झाली, लोकांनी ती डोक्यावर घेतली. पण सासू-सुनांच्या गोष्टीत 'जय भीम' म्हणून फोन उचलणारा एखादा दीर, नणंदेचा साहेब, सोसायटीचा सेक्रेटरी? मालिकांच्या कॅलेंडरमध्ये पाडव्याचा महाएपिसोड असतो, संक्रांतीचा असतो, हळदीकुंकवाचा असतो. एप्रिलमध्ये 14 तारीख येते आणि त्या दिवशी बंगल्यात कुणीतरी विषप्रयोगातून वाचत असतं. मी एकदा मीटिंगमध्ये म्हणून पाहिलं. कुणी नाही म्हटलं नाही. "नंतर बघू" म्हणाले, आणि पुढच्या हुक पॉइंटकडे, प्रेक्षकाला अडकवून ठेवणाऱ्या वळणाकडे, वळले. 'नंतर बघू'चा अर्थ मला तेव्हाच कळला होता आणि मीही पुन्हा विचारलं नाही. ईएमआय होता.

श्रीगोंद्याच्या शेख महंमदांची ओळ आहे, 'शेख महंमद अविंध । त्याचे हृदयीं गोविंद'. अविंध म्हणजे न विंधलेला, कान न टोचलेला. जुन्या मराठीत मुसलमानाला लावायचा हा शब्द. माणसाकडे बघून त्याच्या कानात काय नाही तेवढं दिसलं, आणि तेच त्याचं नाव झालं. या कवीने तो शब्द नाकारला नाही, आपल्या नावाला जोडून घेतला आणि पुढच्याच चरणात गोविंद आणून बसवला. यमक बघा कसं जुळलंय. मला पूर्वी ही ओळ फार उदात्त वाटायची, भाषणात वगैरे घालायला बरी. आता वाचताना वाटतं, बिचाऱ्याला हृदयात काय आहे ते का सांगावं लागलं? बार्शीच्या अमर शेखांचा डफ कडाडल्याशिवाय संयुक्त महाराष्ट्राची सभा भरली असं लोक मानत नसत. त्यांनाही कुणी विंगेत गाठून 'मुसलमान असून' म्हटलं असेल का? असेल. कौतुकानेच म्हटलं असेल.

मुंबईला परतल्यावर मी जुनी हार्ड डिस्क काढली. फाइल्सची नावं एपिसोड नंबराने ठेवलेली, त्यामुळे तो सीन शोधायला एक दुपार गेली. सापडला. दोन्ही खर्डे होते, साखरवाला आणि अल्लावाला. साखरवाला वाचून मी जरा खूश होणार होते, तेवढ्यात लक्षात आलं की तोही कुठला नव्हताच. तो नुसता माझ्यासारखा बोलत होता. प्रमाण, मऊ, सदाशिवपेठी. तो मुसलमान वाटू नये म्हणून मी त्याला माझी भाषा घातली होती आणि क्रिएटिव्हला तो मुसलमान वाटावा म्हणून तिने सिनेमाची घातली. त्याला गाव आम्हा दोघींपैकी कुणीच दिलं नव्हतं.

मग एका रविवारी मी बसून त्याला गाव दिलं. काकीच्या माहेरचं. वय दिलं, दुबईत घालवलेली अकरा वर्षं दिली, मधुमेह दिला, म्हणजे साखरेचा प्रश्न परत आला. आणि संवाद काकीच्या बोलीत लिहायला घेतले. नऊ ओळी झाल्या, त्याला तीन तास लागले. दर ओळीला ती लहानपणची पदर घेतलेली मी मधे यायची आणि शब्द ओढायची. तिला हाकलून पुन्हा लिहायचं. शेवटी काकीला फोन लावला आणि म्हटलं, वाचून दाखवते, ऐक. माझा आवाज कापत होता, राज्य नाट्यच्या तालमीत कापतो तसा.

पहिल्या तीन ओळी तिने गप्प ऐकल्या. चौथीला हसली. मी थांबले. चुकलं का, विचारलं. चुकलं नाही, पण असं बाईमाणूस बोलेल, रिक्षावाला नव्हे, ती म्हणाली. पुरुष हे असं म्हणत नाहीत. मग तिने तिथला शब्द बदलायला लावला, दोनदा म्हणून दाखवला, माझ्याकडून म्हणवून घेतला. साडेसात वाजायला आले होते. पाचव्या ओळीतलं काहीतरी सांगायला तिने सुरुवात केली आणि तेवढ्यात पलीकडून आईची हाक आणि मालिकेचं शीर्षकगीत एकदमच ऐकू आलं.

"ठेव गो आता, लागली," म्हणून तिने फोन ठेवला.